बेडी, कुलूप आणि सुटकेची विद्या

हातकडींतून हात सोडवून घेण्याची विद्या आपणांस यावी असें ज्याला वाटतें, तो उमेदवार बहुधा प्रथम एक हातकडी विकत आणतो. येथेंच त्याचा क्रम चुकतो. त्यानें आधीं आणावयास हवें तें एक साधें कुलूप. आणि तेंहि असें, कीं जें खोलून आंत काय आहे हें पाहतां येईल. पुण्याच्या कर्वेनगरांतील मुलगा असला तर रविवार पेठेंतील बोहरी आळींत त्याला असलीं कुलुपें हवीं तितकीं मिळतील. कर्वेनगर म्हणजे पूर्वींचें हिंगणें बुद्रुक. १९०० सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं आपला आश्रम तेथील एका झोपडींत नेला, तेव्हां खेड्यांतल्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा आणि आंतून लाकडी अडसर एवढा बंदोबस्त पुरे होत असे. आज त्याच भूमीवर मजल्यावर मजले चढले आहेत आणि घरोघरीं दाराला लॅच बसलें आहे. परंतु त्या लॅचच्या पोटांत काय चालतें हें शंभरांतल्या एकालाहि ठाऊक नसतें.

चालतें तें असें. पितळेच्या एका दंडगोलांत पांच-सहा खिळ्यांच्या जोड्या उभ्या असतात, आणि प्रत्येक जोडीवर एक बारीक स्प्रिंग दाब देत असते. योग्य किल्ली आंत गेली म्हणजे तिच्या दांत्यांमुळें सर्व जोड्यांचे सांधे एका रेषेंत येतात आणि दंडगोल फिरतो. एकहि सांधा वर-खालीं राहिला तर तो फिरत नाहीं. ही युक्ति लाकडाच्या रूपांत प्राचीन मिसर देशांत होती. तिला आजचें सुटसुटीत धातूचें रूप लायनस येल या अमेरिकन कारागिरानें १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत दिलें. आतां यंत्रशाळेंत कितीहि काळजी घेतली तरी सर्व भोंकें तंतोतंत सारखीं पडत नाहींत. म्हणून दंडगोलाला किंचित् पीळ दिला कीं सर्व खिळे एकाच वेळीं न अडकतां एक आधीं अडकतो. तो अचूक उंचीवर उचलला म्हणजे बोटाला एक बारीकसा खटका जाणवतो, आणि मग दुसरा अडकतो. किल्लीवांचून कुलूप उघडण्याची सारी कला या खटक्यांत आहे. ती डोळ्यांनीं शिकतां येत नाहीं. बोटांनींच शिकावी लागते. जोर करणाराला ती कधींच साधत नाहीं, हें नवशिक्याला पहिल्याच आठवड्यांत कळून येतें.

अशी विद्या उघडपणें शिकवावी कीं नाहीं, हा वाद नवा नाहीं. लंडनमध्यें जोसेफ ब्रामा या कारागिरानें आपलें कुलूप दुकानाच्या खिडकींत टांगून, जो तें किल्लीशिवाय उघडील त्याला दोनशें गिनी बक्षीस, असें जाहीर केलें होतें. साठांहून अधिक वर्षें तें कुलूप तसेंच राहिलें. पुढें १८१८ सालीं जेरेमाया चब यानें असें कुलूप काढलें, कीं कोणीं खोट्या किल्लीनें चाळवाचाळव केली तर आंतील पट्टी अडकून बसावी आणि मालकाला त्याची वार्ता मिळावी. पोर्टस्मथच्या कैदी-जहाजावर शिक्षा भोगीत असलेल्या एका कुलूपकाराला तें उघडून दाखविल्यास शिक्षेची माफी आणि शंभर पौंड देऊं करण्यांत आले. दोन-तीन महिने खपून त्यानें हात टेकले. मग १८५१ सालच्या महाप्रदर्शनासाठीं ए. सी. हॉब्ज नांवाचा एक अमेरिकन लंडनला आला. त्यानें चबचें कुलूप साक्षीदारांसमक्ष पंचवीस मिनिटांत उघडलें, आणि ब्रामाचें कुलूप सोळा दिवसांच्या मुदतींत एकंदर एकावन्न तास खपून उघडून दाखविलें.

लंडनचे व्यापारी हादरले. हीं गुपितें चव्हाट्यावर मांडल्यानें चोरांचें फावेल, अशी ओरड झाली. हॉब्जच्या बाजूचें उत्तर थोडक्यांत असें होतें, कीं चोरांना हें आधींच ठाऊक असतें. अंधारांत राहतो तो बिचारा गिऱ्हाईक. या वादांत हॉब्जची बाजू खरी ठरली असेंच म्हणावें लागतें. कारण त्या एकावन्न तासांनंतर इंग्रज कारखानदारांनीं आपलीं कुलुपें मुकाट्यानें सुधारावयास घेतलीं. साठ वर्षांच्या अभिमानानें जें झालें नव्हतें, तें एका परक्यानें लावलेल्या बट्ट्यानें झालें.

या वादाचा धागा मुंबईच्या लालबागपर्यंत येऊन पोंचतो. अर्देशीर गोदरेज हे व्यवसायानें वकील. परंतु झांजिबारच्या एका प्रकरणांत त्यांचें मन वकिलीवरून उडालें. शस्त्रक्रियेचीं हत्यारें करण्याचा उद्योग त्यांनीं काढला, तोहि बुडाला. कारण हत्यारांवर ‘हिंदुस्थानांत तयार झालेलें’ असा छाप मारण्यास घेणारा राजी नव्हता आणि अर्देशीर तो छाप सोडण्यास राजी नव्हते. पुढें मुंबईंतील वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनांत आली, आणि १८९७ सालीं गॅस कंपनीच्या शेजारच्या एका लहानशा शेडमध्यें त्यांनीं कुलुपें करावयास आरंभ केला. त्यांच्या एका कुलुपाला दोन किल्ल्या असत. दुसरी किल्ली फिरविली कीं आंतील रचनाच बदले आणि पहिली किल्ली निकामी होई. नोकराच्या हातीं पहिली किल्ली पडली तरी मालकाला चिंता नको, हा त्यांतील हिशेब. दुसऱ्या एका प्रकारांत खोटी किल्ली घातली तर खटका पुढें येऊन चाळवाचाळवीची साक्ष देई. चोर काय करील हें ज्याला चोराइतकेंच ठाऊक आहे, त्यालाच असलें कुलूप सुचतें. याच अर्देशीरांनीं पुढें टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. एका वेगळ्या प्रकारच्या बेडीकडेहि त्यांचें लक्ष होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

उमेदवाराच्या हातीं असलेल्या खऱ्या बेडीकडे आतां वळावें. हातकडी दिसावयास भयंकर, पण कुलूप या नात्यानें ती अगदीं साधी असते. आणि ती साधी असणें भागच असतें. एका शिपायानें घातलेली हातकडी दुसऱ्या ठाण्यावरच्या शिपायाला काढतां आली पाहिजे, म्हणून एका बनावटीच्या सर्व हातकड्यांना बहुधा एकच किल्ली लागते. आंत दांत्यांची एक पट्टी आणि तिला मागें फिरूं न देणारा एक खटका, एवढाच काय तो संसार. हें मर्म ज्यानें व्यवसायाचें भांडवल केलें तो हॅरी हुडिनी. १८७४ सालीं बुडापेस्टमध्यें जन्मलेला हा मुलगा लहानपणींच अमेरिकेंत गेला, आणि पोरवयांत कुलूपवाल्याच्या हाताखालीं कांहीं दिवस उमेदवारी केल्याचें त्याच्या चरित्रांत सांगतात. पुढें त्यानें देशोदेशींच्या हातकड्या आणि त्यांच्या किल्ल्या यांचा मोठा संग्रह केला. प्रेक्षकांना जो चमत्कार वाटे, त्याच्यामागें त्या संग्रहाचा अभ्यास उभा असे.

१७ मार्च १९०४ रोजीं लंडनच्या हिपोड्रोम नाट्यगृहांत सुमारें चार हजार प्रेक्षकांसमोर एका वृत्तपत्रानें त्याला आव्हानाची हातकडी घातली. बर्मिंगहॅमच्या एका कारागिरानें ती घडविण्यांत पांच वर्षें घालविलीं, असें जाहीर करण्यांत आलें होतें. मध्येंच हुडिनीनें अंगांतला कोट काढण्यासाठीं क्षणभर हात मोकळे करण्याची विनंति केली. ती नाकारतांच त्यानें चाकू दांतांत धरून कोटच फाडून काढला. एक तास दहा मिनिटांनीं तो मोकळ्या हातांनीं बाहेर आला. हें आव्हान आधींच संगनमतानें ठरलें होतें काय, यावर जादूचे इतिहासकार आजहि भांडतात. कांहीं असलें तरी कोट फाडण्याचा तो प्रसंग नवशिक्यानें नीट ध्यानांत घ्यावा. सुटण्याचें काम बोटांचें, पण खेळ रंगतो तो प्रेक्षकांच्या जिवाची घालमेल होते त्या तासाभरांत. दोन मिनिटांत सुटणारा हुडिनी कोणाला आठवला असता?

म्हणून या विद्येचा अभ्यासक्रम दिसतो त्याहून नीरस आहे. एकच कुलूप पन्नास वेळां उघडावें, मग डोळे मिटून उघडावें, मग पाठीमागें हात नेऊन उघडावें. कुलूप आपल्या मालकीचें असावें आणि कोणत्याहि वापरांतल्या दाराचें नसावें. कारण दुसऱ्याच्या कुलपाला हात लावला कीं कलेची हद्द संपून पोलिसांची सुरू होते, आणि वापरांतलें कुलूप बिघडलें तर घरच्यांनाच बाहेर तिष्ठावें लागतें. हातकडीचा सराव करतांना दुसरी किल्ली घेतलेला माणूस खोलींत हजर असलाच पाहिजे. दांते आवळत गेले तर मनगटाची नस दबून बोटें बधिर होतात, आणि बधिर बोटांना तो बारीक खटका कळत नाहीं. पाण्याचें तर नांवच काढूं नये. १६ जून २०१९ रोजीं कोलकात्याच्या हावडा पुलाजवळ चंचल लाहिरी हा अनुभवी जादूगार सांखळदंडांनीं बांधून घेऊन हुगळींत उतरला. तो वर आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याचा देह सांपडला. ज्याच्या गांठीं वर्षांचा अनुभव होता त्याची ही गत झाली.

रंगभूमीवरच्या सुटकेला एक सोय असते. बेडी गळाली कीं पडदा पडतो आणि टाळ्या होतात. ज्यांना ही सोय नव्हती अशा एका पुणेकराची हकीकत येथें टाळतां येत नाहीं. वासुदेव बळवंत फडके हे पुण्यांत सरकारी लष्करी हिशेबखात्यांत कारकून होते. १८७९ सालीं त्यांनीं रामोशी साथीदारांसह बंड उभारलें. त्याच वर्षीं जुलैंत ते पकडले गेले, आणि पुण्यांत खटला होऊन त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. सार्वजनिक काकांनीं त्यांच्या बचावाचें काम केलें. १८८० च्या आरंभीं त्यांना एडनच्या तुरुंगांत नेण्यांत आलें. तेथून ते एकदां निसटले. त्याचा जो वृत्तांत प्रचलित आहे, त्यांत कुलूप उघडल्याचा उल्लेखच नाहीं. दार बिजागरीपासूनच उखडून ते बाहेर पडले, असें तो वृत्तांत सांगतो. कुलूप कितीहि भक्कम असो, दाराला दुसरी बाजूहि असते. १९१० च्या ८ जुलैला मार्सेय बंदरांत विनायक दामोदर सावरकरांनीं बोटीच्या शौचकूपाच्या खिडकींतून समुद्रांत उडी घेतली, तेव्हांहि पहाऱ्याच्या दाराला हात लावला नव्हता.

दोघेहि बंधनांतून सुटले आणि दोघेहि पुन्हां पकडले गेले. सावरकर फ्रान्सच्या धक्क्यावर चढले, पण ज्या शिपायाच्या हातीं ते लागले त्यानें त्यांना पुन्हां इंग्रजांच्या स्वाधीन केलें. फडक्यांच्या पुढें तर धक्काहि नव्हता. उघडा रखरखीत मुलूख, अनोळखी भाषा, ओळखूं येणारा चेहरा आणि शरीर खंगलेलें. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हां पेटाऱ्यांच्या युक्तीइतकाच पुढच्या मुलखाचाहि विचार झालेला होता. एडनच्या एकाकी कैद्याला तशी तजवीज करतां येणें शक्यच नव्हतें. त्यांना परत कोठडींत घालण्यांत आलें, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्याच तुरुंगांत त्यांचें निधन झालें. पुण्यांत खटल्याच्या काळांत ज्या इमारतींत त्यांना ठेवलें होतें, ती संगम पुलापाशीं आहे, आणि तेथें त्यांचें स्मारक आहे.