हिंगोली जिल्ह्याचे जुने स्थलनिर्देशक नकाशे

आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या प्रदेशाची भारतीय सर्वेक्षण विभागाने विसाव्या शतकात काढलेली नकाशापत्रे. व्यवहारात त्यांना टोपोशीट म्हणतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे स्वातंत्र्यपूर्व पत्रांवर हा मुलूख हैदराबाद संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात दिसतो.

पार्श्वभूमी : विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी ७८° पूर्व रेखावृत्ताच्या आसपासने उत्तरेकडे सरकत बीदरमार्गे वऱ्हाडात पोहोचली. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले. अशा मोजणीने निश्चित झालेल्या बिंदूंवरच पुढील नकाशांची चौकट उभी राहिली. १९०५ नंतर एक इंचास एक मैल या प्रमाणाची रंगीत मालिका हाती घेण्यात आली. दशमान पद्धतीनंतर १:५०,००० हे प्रमाण रूढ झाले.

स्वरूप : हिंगोली शहर ५६ ई/२ या पत्रात येते. त्याची व्याप्ती १५ मिनिटे अक्षांश व १५ मिनिटे रेखांश, म्हणजे सुमारे २८ किमी लांब व २६ किमी रुंद आहे. समोच्च रेषा तपकिरी, शेती पिवळी, वन हिरवे आणि बारमाही पाणी निळे दाखवतात. उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेने काढतात. मराठवाड्यात असे ओढे पुष्कळ, म्हणून पाणी कुठे टिकते आणि कुठे आटते याचा अंदाज पत्रावरूनच येतो.

उत्तर सीमा : १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा ही निजामाचा मुलूख व वऱ्हाड यांमधील हद्द झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत दोन्ही काठ मुंबई राज्यात आले. आज नदीपलीकडे वाशीम व यवतमाळ हे जिल्हे आहेत.

महत्त्व : पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या धरणांच्या जलाशयांखाली नदीकाठची बरीच जमीन गेली. धरणांपूर्वीच्या पत्रांवर तेथील मूळ पात्र, गावठाणे, विहिरी आणि गाडीवाटा एकाच मोजमापात सापडतात. महसुली नकाशा शेताची हद्द सांगतो. जमिनीचा चढउतार मात्र टोपोशीटच सांगते. बुडीत गावांचा भूगोल जाणण्यासाठी हा मोलाचा पुरावा आहे. या पत्रांच्या प्रती जिल्ह्यातील ग्रंथालयांत आणि महाविद्यालयांत जतन व्हायला हव्यात.