वरोरा व बल्लारपूर : कोळशाच्या दोन गांवांची गति

कौटिल्यानें राजकोशाचा उगम आकरांत, म्हणजे खाणींत, मानिला आहे. परंतु खाणीनें कोश भरला म्हणजे खाणीचें गांवही भरतेंच, असा इतिहासाचा दाखला नाहीं. चांदा (सांप्रतचा चंद्रपूर) जिल्ह्यांतील वरोरा व बल्लारपूर या दोन गांवांचा वृत्तांत या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

वरोऱ्याची खाण सरकारनें इ. स. १८७१ च्या सुमारास उघडली. कोळसा वाहून नेण्यासाठीं त्याच दशकांत वर्ध्याहून हिंगणघाटावरून लोहमार्ग आणण्यांत आला. सुमारें पस्तीस वर्षें खाण चालली. साठा संपत आल्यावर १९०६ सालीं ती बंद झाली. सरकारास खाण आवरण्यास एक हुकूम पुरला. तिच्यावर पोट भरणाऱ्या कुटुंबांस मात्र दुसरें काम शोधणें प्राप्त झालें. तथापि गांव ओस पडलें नाहीं. कोळशासाठीं घातलेला लोहमार्ग कापसाच्याही उपयोगीं पडला, आणि आसमंतांतील कापसाची पेठ म्हणून वरोरा टिकून राहिला.

बल्लारपूर ही गोंड राजांची जुनी राजधानी. राजधानी चांद्यास गेल्यावर वर्धा नदीकांठचा किल्ला तेवढा पूर्ववैभवाची खूण म्हणून उरला. वरोऱ्याची खाण मावळत असतां येथील खाण उदयास आली. पण बल्लारपुराचें भाग्य एकट्या कोळशानें घडविलें, असें म्हणतां येत नाहीं. १९२९ च्या सुमारास काझीपेठेकडील लोहमार्ग येऊन मिळाला, तेव्हां उत्तर-दक्षिण वाहतुकीचें तें एक मुख्य ठाणें झालें. पुढें कागदाची गिरणी आली. तिला बांबू अरण्यानें दिला, पाणी नदीनें दिलें.

तात्पर्य, निव्वळ खाणीवर विसंबलेल्या गांवाचें आयुष्य खाणीइतकेंच. पेठ, मार्ग अथवा दुसरा धंदा ज्यास लाभला तें तिच्यामागेंही जगतें.

१९७३ सालीं उर्वरित कोळसाखाणींचेंही राष्ट्रीयीकरण झालें व जुने मालक गेले. सनदा व बखरी यांचा शोध आपण आस्थेनें करितों. त्याच आस्थेनें हजेरीपट, ठेकेदारांच्या चोपड्या व सावकारांच्या खतावण्या रद्दींत जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं हस्तगत कराव्या. कोशाचा हिशेब सरकारी दप्तरांत मिळतो. गांवाच्या पोटाचा हिशेब शोधावयाचा तो अशाच कागदांत.