पाठीराख्यांचा क्लब

कोलकात्याच्या उत्तरेस वसलेले डमडम हे उपनगर मराठी माणसाला अगदीच अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यात जी गोळी तयार झाली, तिला डमडमचेच नाव मिळाले आणि १८९९ च्या हेग परिषदेत ती निषिद्ध ठरली. पुढे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना याच गावी आला आणि मराठी नाट्यपदांच्या कितीतरी तबकड्या तेथून निघून महाराष्ट्रातल्या दिवाणखान्यांत वाजू लागल्या. विमानाने कोलकात्यास जाणारा प्रवासी आजही उतरतो तो डमडमलाच. या तीन ओळखींखेरीज डमडमची चौथी एक ओळख आहे. ते फुटबॉलच्या पाठीराख्यांचे गाव आहे.

२००३ च्या जुलै महिन्यात कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबाने जाकार्ता येथे थायलंडच्या बेक तेरो सासना या संघाचा ३-१ असा पराभव करून आशियान क्लब अजिंक्यपद जिंकले. संघ परतला तेव्हा डमडमच्या विमानतळावर हजारोंचा समुदाय लोटला होता. लाल आणि सोनेरी निशाणे फडकत होती. जणू घरातलाच मुलगा परदेशी पराक्रम गाजवून परत आला असावा, असा तो सोहळा होता. परंतु क्लबाच्या कारभारात मत देण्याचा अधिकार त्या समुदायातील किती जणांना होता, असा प्रश्न कोणी केला असता, तर उत्तर द्यावे लागले असते : फारच थोड्यांना. क्लब आमचा असे ज्यांनी जन्मभर म्हणावे, त्यांना तो आपला आहे हे कागदोपत्री दाखविता येऊ नये, ही विसंगती कोलकात्याच्या फुटबॉलच्या इतिहासात प्रारंभापासूनच आहे.

या इतिहासाचा आरंभ झाला तो खाजगी वाड्यांत. १८८९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर कलकत्त्यात मोहन बागान क्लबाची स्थापना झाली. भूपेंद्रनाथ बसू हे त्याचे पहिले अध्यक्ष. प्रतिष्ठित घराण्यांतील मंडळींनी वर्गणी काढून चालविलेली ही संस्था होती, आणि तिचे सभासदच तिचे धनी होते. परंतु २९ जुलै १९११ रोजी अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली आणि क्लब सभासदांच्या हातातून एका अर्थी निसटला. सामना पाहण्यासाठी दूरदूरच्या गावांहून लोक आगगाडीने आले होते. मागे उभ्या असलेल्यांना काही दिसत नव्हते, म्हणून गोलांची वार्ता पतंग उडवून कळविली गेली, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. पतंगाकडे डोळे लावून बसलेला तो माणूस सभासद नव्हता, पण विजय त्याचाच होता. सभासद आणि पाठीराखा या दोन व्यक्ती भिन्न आहेत, हे त्या दिवशी प्रथम दिसून आले.

ईस्ट बंगाल क्लबाचा तर जन्मच एका गाऱ्हाण्यातून झाला. १९२० च्या जुलैअखेर जोडाबागान संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बसू या खेळाडूला वगळले. जोडाबागानचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी त्याला घेण्याविषयी पुष्कळ आग्रह धरला, परंतु त्यांचे कोणी ऐकले नाही. पूर्व बंगालच्या माणसाला पश्चिम बंगालच्या मंडळीत मान नाही, ही सल या घटनेमागे होती. चौधरींनी तो क्लब सोडला आणि १ ऑगस्ट १९२० रोजी समविचारी मित्रांसह नवा क्लब उभा केला. आपल्या शब्दाला किंमत मिळावी, एवढ्यासाठी ही संस्था निघाली होती. तिच्याच पाठीराख्यांना शंभर वर्षांनी तीच मागणी तिच्याच दारात करावी लागली, हे पुढे दिसेल.

१९४७ ची फाळणी झाली आणि पूर्व बंगालातून लक्षावधी निर्वासित कलकत्त्याच्या आसमंतात आले. दक्षिणेस जादवपूर-विजयगड आणि उत्तरेस डमडमचा परिसर येथे त्यांच्या वसाहती वाढल्या. ढाका, बारिसाल, फरीदपूर ही गावे आता परमुलखात गेली होती. ज्यांचे घर गेले, शेत गेले, नदी गेली, त्यांच्यापाशी गावाच्या नावाचे असे एकच काही उरले, आणि ते म्हणजे ईस्ट बंगाल हा फुटबॉलचा संघ. डमडमहून आगगाडीने सियालदहला यावे, तेथून मैदान गाठावे, तासन्‌तास रांगेत उभे राहून स्वस्तातले तिकीट काढावे, हा तेथील तरुणांचा परिपाठ झाला. संघ जिंकला की बाजारात हिलसा मासळीला मागणी येई. मोहन बागान जिंकला की कोळंबीला. हा विनोदाचा विषय असला, तरी निर्वासितांच्या लेखी संघाचे नाव ही विनोदाची गोष्ट नव्हती. नकाशावरून पुसल्या गेलेल्या मुलखाचे ते नाव होते.

या क्लबांची घटना कशी आहे तेही येथे पाहिले पाहिजे. कोलकात्याचे मैदान सैन्याच्या ताब्यातील भूमी आहे. तिच्यावर क्लबांचे तंबू आहेत; जमिनीची मालकी क्लबांकडे नाही. क्लब या नोंदणीकृत संस्था. सभासद वर्गणी भरतात, निवडणूक होते, कार्यकारी मंडळ कारभार पाहते. म्हणजे ज्या सभासद-मालकीसाठी युरोपात चळवळी झाल्या, ती कोलकात्यात आरंभापासूनच होती. तथापि सभासदत्वाची दारे अरुंद होती. सभासदांच्या गॅलरीत बसणारा माणूस मत देई. तिकिटाच्या रांगेतला माणूस केवळ ओरडे. आणि ज्याला तिकीटही मिळत नसे, तो किल्ल्याच्या बांधावर उभा राहून दिसेल तेवढा खेळ पाही.

या रांगेतल्या माणसाची काळजी घेणे हे कोणाचेच काम नव्हते. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत सोळा जण मृत्युमुखी पडले. सामना पाहावयास म्हणून घरून निघालेली ती माणसे होती. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी रक्तदान होते. मृतांचे असे स्मरण ठेवणे योग्यच आहे; परंतु जिवंत प्रेक्षकाला क्लबाच्या बैठकीत स्थान असावे, हा विचार त्यातून निघाला नाही.

पुढे पैशाचे युग आले. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यास सॉल्ट लेक क्रीडांगणावर १,३१,७८१ प्रेक्षक जमल्याची नोंद आहे. एवढा जनसमुदाय जेथे जमतो, तेथे व्यापाऱ्याची दृष्टी जाणारच. १९९८ साली युनायटेड ब्रुअरीज या उद्योगसमूहाने दोन्ही क्लबांच्या फुटबॉल विभागांसाठी कंपन्या स्थापून त्यांत निम्मे भाग घेतले. संघांच्या नावांमागे मद्याच्या छापांची नावे लागली. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. तीत संघ उतरवायचा तर मोठ्या भांडवलाची आवश्यकता होती आणि वर्गणीवर चालणाऱ्या क्लबांच्या तिजोरीत ते नव्हते. जानेवारी २०२० मध्ये मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीचे ८० टक्के भाग आर. पी. संजीव गोएंका समूहाकडे गेले आणि त्याच समूहाच्या ए. टी. के. या संघाशी विलीनीकरण होऊन ‘ए. टी. के. मोहन बागान’ असे नाव झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ईस्ट बंगालचे ७६ टक्के श्री सिमेंटकडे गेले. क्लबांच्या हाती उरले ते अनुक्रमे २० आणि २४ टक्के.

ईस्ट बंगालमध्ये लवकरच तंटा लागला. प्राथमिक करारावर सह्या झाल्या होत्या. अंतिम करारावर पदाधिकारी सही करीनात. सभासदांचे हक्क त्यामुळे जातील, असे त्यांचे म्हणणे होते. २१ जुलै २०२१ रोजी शेकडो पाठीराखे क्लबाच्या तंबूसमोर जमले. सही करा आणि संघ मैदानात उतरवा, असे एका गटाचे म्हणणे होते. दुसरा गट पदाधिकाऱ्यांच्या बाजूचा होता. दोहोंत बाचाबाची झाली आणि पोलिसांनी लाठ्या चालविल्या. या प्रसंगातील विपर्यास लक्षात घेण्यासारखा आहे. सभासदांच्या मालकीचे रक्षण करतो असे पदाधिकारी म्हणत होते आणि बहुसंख्य निदर्शक ती मालकी सोडा असे सांगत होते. ज्या मालकीत आपल्याला वाटा नाही, ती राहिली काय आणि गेली काय, असेच त्यांना वाटले असेल, तर त्यात नवल नाही. त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची, की संघ खेळलाच नाही तर नाव पुसले जाईल. अखेर ऑगस्टमध्ये मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीने त्या हंगामापुरता मार्ग निघाला. २०२२ साली श्री सिमेंट दूर झाली आणि इमामी समूह आला.

मोहन बागानच्या पाठीराख्यांचा लढा निराळा होता. जर्सीचे हिरवे-लालसर रंग कायम राहिले होते. परंतु नावापुढील ती तीन अक्षरे त्यांना सलत होती. १३१ वर्षांच्या नावाआधी सहा वर्षांच्या संघाचे नाव लागावे, हे त्यांना मान्य नव्हते. फलक, निदर्शने, बहिष्काराची आवाहने असे तीन वर्षे चालले. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात फातोर्डा येथे संघाने बंगळूरूला हरवून सुपर लीग जिंकली आणि त्याच रात्री गोएंका यांनी ती अक्षरे काढून टाकण्याची घोषणा केली. नव्या नावात ‘सुपर जायंट’ हे शब्द आले, तरी मोहन बागान पुन्हा अग्रभागी आला. मताचा अधिकार नसलेल्या लोकांनी केवळ चिकाटीने हे मिळविले.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला? जर्मनीत १९९८ साली क्लबांना कंपन्या काढण्याची मोकळीक मिळाली, परंतु मूळ क्लबाकडे निम्म्याहून एक अधिक मत राहिले पाहिजे, असा नियम त्याबरोबरच झाला. एकदोन अपवाद सोडता तो टिकला आहे. इंग्लंडमध्ये असे बंधन नव्हते. २००२ साली विंबल्डन क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या नगरात नेण्यास अनुमती मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, तळच्या श्रेणीपासून खेळत २०११ साली तो फुटबॉल लीगपर्यंत नेला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या वस्तीत परत आणला. पण पोर्टस्मथचा धडाही विसरता येत नाही. दिवाळखोरीतला तो क्लब पाठीराख्यांनी २०१३ साली विकत घेतला आणि २०१७ साली त्यांनीच मतदान करून तो एका अमेरिकन धनिकास विकला. खर्च त्यांना झेपेनासा झाला होता. म्हणजे पाठीराख्यांची मालकी हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. परंतु विकण्याचा निर्णयही तेथे त्यांनी स्वतः घेतला, हा भेद महत्त्वाचा आहे.

आपल्याकडेही या दोन्ही तऱ्हा आढळतात. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे फुटबॉलचे संघ चालवितात. संघ पेठेचा, वर्गणी पेठेची आणि शाहू स्टेडियममधील पराभवाचा जाबही पेठेतच द्यावा लागतो. तेथे पैसा थोडा, पण संघ कोणाचा हे विचारावे लागत नाही. गोव्यात मोठमोठे संघ उद्योगपतींच्या घराण्यांनी वाढविले आणि खेळाला वैभव आणले. परंतु २०१६ साली राष्ट्रीय महासंघाच्या धोरणास विरोध म्हणून डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग सोडली, तेव्हा तो निर्णय मालकांचा होता. प्रेक्षकाने तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचला.

कोलकात्याच्या पाठीराख्यांत एकीचे बळ नाही असे मात्र कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीची हत्या झाली. शहरात संताप उसळला असता १८ ऑगस्टचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना बंदोबस्ताच्या कारणावरून रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही संघांचे आणि मोहमेडन स्पोर्टिंगचेही पाठीराखे सॉल्ट लेक क्रीडांगणाबाहेर एकत्र जमले आणि त्यांनी न्यायाची मागणी केली. जे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांस पाण्यात पाहत आले, ते त्या सायंकाळी खांद्याला खांदा लावून उभे होते.

उणीव आहे ती या बळाला संस्थेचे रूप देण्याची. डमडमच्या पाठीराख्यास वर्गणी भरून सभासद होता यावे, हिशेब पाहता यावा आणि नाव, रंग व भागांची विक्री यांविषयी त्याचे मत घेतल्यावाचून निर्णय होऊ नये, एवढी तरतूद झाली तरी पुष्कळ होईल. भांडवलवाल्यांना त्यातून भिण्याचे कारण नाही; जर्मनीत त्यांचे काही अडलेले नाही. मोहन बागानला त्याचे नाव परत मिळाले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ते मिळाले मालकाच्या घोषणेने, सभासदांच्या ठरावाने नव्हे. आणि जे घोषणेने येते, ते दुसऱ्या घोषणेने जाऊही शकते.