गिटारच्या ॲम्पचे व्हॉल्व्ह बदलायचेत? ऑर्डर देण्याआधी हे वाचा!

मोबाईलपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे ट्रान्झिस्टर आणि चिप आल्या, तरी इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे अनेक जण आजही काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर वापरतात. व्हॉल्व्हवर जोर पडला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू गोलसर फुटतो. रॉक आणि ब्लूजच्या गिटारचा ओळखीचा आवाज तो हाच.

पण बल्बसारखेच हे व्हॉल्व्हही वापराने झिजतात. पुण्यात राहणाऱ्याला दुरुस्तीवाला शोधणं त्यातल्या त्यात सोपं. भोरमध्ये किंवा वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला मात्र त्यासाठी सुमारे ५०-६० किलोमीटर जावं लागतं. मग इंटरनेटवरून व्हॉल्व्हचा अख्खा संच मागवायचा मोह होतो. अनेकदा यात पैसे वाया जातात आणि कधीकधी ॲम्पही जळतो.

व्हॉल्व्ह म्हणजे नक्की काय?

नळाचा व्हॉल्व्ह पाणी कमी-जास्त करतो, हा व्हॉल्व्ह वीज कमी-जास्त करतो. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आतली तार तापली की कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. मधल्या जाळीवर गिटारचा बारीकसा सिग्नल दिला की त्या बरहुकूम हा प्रवाह बदलतो आणि सिग्नल मोठा होतो.

ॲम्पमध्ये हे काम दोन टप्प्यांत होतं. छोटे ‘प्रीॲम्प’ व्हॉल्व्ह सिग्नल वाढवतात आणि मोठे ‘पॉवर’ व्हॉल्व्ह स्पीकर हलवतात. पॉवर व्हॉल्व्ह जास्त तापतात, म्हणून लवकर थकतात. प्रीॲम्पचे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं टिकू शकतात. म्हणूनच सगळे एकदम बदलायची सहसा गरज नसते.

आधी दोष व्हॉल्व्हचाच आहे का, ते बघा

सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाळाभर हवेत ओल असते. त्या ओलीने व्हॉल्व्हच्या पिना आणि सॉकेट काळवंडतात. मग खरखर होते, आवाज येतो-जातो आणि व्हॉल्व्ह गेला असं वाटतं. ॲम्प बंद करा, प्लग काढा, व्हॉल्व्ह पूर्ण थंड होऊ द्या. मग तो सरळ वर ओढून काढा, पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर लावून पुसा आणि पुन्हा नीट बसवा. कित्येकदा खरखर एवढ्यानेच जाते.

दुसरी गोष्ट घरातल्या व्होल्टेजची. बहुतेक गिटार व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, तेही साधारण दहा टक्के इकडेतिकडे. २३० व्होल्टसाठी बनवलेल्या ॲम्पला १९० व्होल्टच मिळाले, तर हीटरपर्यंत जेमतेम ५.२ व्होल्ट पोचतात. अशा वेळी नवाकोरा व्हॉल्व्हही मेल्यासारखाच वाजेल. आवाज फक्त संध्याकाळी किंवा जनरेटरवरच दबत असेल, तर व्हॉल्व्हआधी चांगला स्टॅबिलायझर घ्या. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प मात्र योग्य क्षमतेच्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावूच नका.

कोणता व्हॉल्व्ह गेलाय, हे कसं ओळखायचं?

- काचेच्या आत चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह संपला.
- चालू ॲम्पच्या प्रीॲम्प व्हॉल्व्हवर पेन्सिलने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा किंवा खरखरीत आवाज आला, तर दोष त्याच व्हॉल्व्हमध्ये असण्याची शक्यता मोठी.
- आवाज हळूहळू बसतोय, बास सैल वाटतोय, फ्यूज उडतोय किंवा मोठ्या व्हॉल्व्हची प्लेट लालभडक होतेय, तर संशय पॉवर व्हॉल्व्हवर घ्या. प्लेट लाल दिसली तर ॲम्प लगेच बंद करा.

एक चांगला प्रीॲम्प व्हॉल्व्ह जवळ ठेवा आणि एकेका जागी लावून बघा. ज्या जागी लावल्यावर दोष जातो, तिथला जुना व्हॉल्व्ह खराब. अख्खा संच घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

नंबर सगळ्यात महत्त्वाचा

नवा व्हॉल्व्ह घेताना ब्रँडच्या आधी नंबर बघा. एकाच व्हॉल्व्हला अमेरिकेत एक आणि युरोपात दुसरं नाव असतं. १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३ आणि ६बीक्यू५ म्हणजेच ईएल८४.

प्रीॲम्पमध्ये थोडी मोकळीक असते. १२एएक्स७ चा गेन साधारण १०० धरला, तर १२एटी७ चा ६० आणि १२एयू७ चा २० च्या आसपास असतो. ॲम्प फार लवकर फाटत असेल, तर पहिल्या जागी कमी गेनचा व्हॉल्व्ह लावून बघता येतो.

पॉवर व्हॉल्व्हमध्ये मात्र ही मोकळीक नाही. ६व्ही६ आणि ६एल६ एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण ६व्ही६ चा हीटर ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६ चा ०.९ आणि ईएल३४ चा १.५. ६व्ही६ साठी बनवलेल्या ॲम्पमध्ये मोठा व्हॉल्व्ह बसवला, तर ट्रान्सफॉर्मरवर नको तेवढा भार येतो. ट्रान्सफॉर्मर जळाला की खर्च व्हॉल्व्हच्या कितीतरी पट होतो. ‘बसतोय ना, मग चालेल’ हा हिशोब इथे महागात पडतो.

जोडी आणि बायस

पॉवर व्हॉल्व्ह दोन किंवा चार असतील, तर ते ‘मॅच्ड’ म्हणजे सारखा प्रवाह घेणारेच घ्या. त्यानंतर प्रश्न येतो बायसचा. व्हॉल्व्हमधून शांत असताना किती प्रवाह वाहावा, हे बायस ठरवतं. व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड बायसच्या ॲम्पमध्ये ते आपोआप सांभाळलं जातं. अनेक फेंडर आणि मार्शल ॲम्पमध्ये मात्र बायस तपासून लावावा लागतो.

साधारण नियम असा, की शांत असताना व्हॉल्व्ह त्याच्या कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये. ६एल६जीसी ची क्षमता ३० वॅट, म्हणजे मर्यादा २१ वॅट. प्लेटवर ४२० व्होल्ट असतील, तर हा प्रवाह होतो ५० मिलीअँपिअर.

हे मोजण्यासाठी ॲम्प उघडावा लागतो आणि खरा धोका तिथेच आहे. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० ते ५०० व्होल्ट साठून राहू शकतात. तो झटका जीव घेऊ शकतो. म्हणून मागच्या बाजूने हाताला येणारे प्रीॲम्प व्हॉल्व्ह घरी बदला, पण बायससाठी पुण्याची एक फेरी माराच. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीच चालू करू नका.

ब्रँडच्या नावाला भुलू नका

१९५४ मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओ संचांचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. ‘बीईएल’ छापाचे ते जुने व्हॉल्व्ह अजूनही अधूनमधून विक्रीला दिसतात. घेताना ते तपासलेले आहेत का, हे विचारा. नुसतं ‘जुनं ते सोनं’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

आज जगात गिटार व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने अगदी मोजके आहेत, मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. मुलार्ड आणि टंग-सोल ही एके काळची इंग्लंड-अमेरिकेतली नावं आज रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यातून येणाऱ्या व्हॉल्व्हवर छापली जातात. व्हॉल्व्ह वाईट असतील असं नाही, पण किंमत नावाची देताय की मालाची, हे कळलं पाहिजे.

थोडक्यात, आधी पिना पुसा, मग व्होल्टेज मोजा, मग दोषी व्हॉल्व्ह शोधा आणि तेवढाच, त्याच नंबरचा घ्या. गिटार वाजवणारा एखादा मित्र आजच नवा संच मागवायच्या बेतात असेल, तर त्याला आधी हे नक्की पाठवा!