लघुविमानांचे शक्तिवर्धन

लघुविमान-शक्तिवर्धन : खाजगी मालकीच्या अथवा वैमानिक-शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान विमानातील मूळ एंजिन उतरवून त्याच्या जागी अधिक अश्वशक्तीचे एंजिन बसविणे, त्यास अनुरूप असे फेरफार प्रॉपेलर, आधारचौकट, शीतनव्यवस्था, इंधनपुरवठा व विमानाचा तोल यांत करणे, आणि या सर्वांस सक्षम खात्याची मंजुरी मिळविणे, या समग्र कार्यास ही संज्ञा लावतात. नवे विमान विकत घेण्याहून हा मार्ग पुष्कळदा कमी खर्चाचा पडतो. आणि जुन्या एंजिनाची पूर्ण उस्तवारी करण्याची मुदत, जी लायकमिंगच्या ओ-३२० जातीच्या एंजिनास सामान्यतः २,००० उड्डाणतासांची असते, भरत आली म्हणजे मालकापुढे हा विचार स्वाभाविकपणे उभा राहतो.

स्थानिक प्रयोजन : बेळगाव व निपाणी या सीमाभागात या विषयास विशेष महत्त्व येते ते तेथील भूमीच्या उंचीमुळे. बेळगावनजीकचे सांबरा विमानतळ, जे १९४२ साली दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश हवाई दलासाठी बांधण्यात आले, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर उंचीवर आहे. निपाणीस जवळचे असलेले कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळही ६०० मीटरांहून उंच आहे. उंचीबरोबर हवा विरळ होते, आणि उष्णतेने ती आणखी विरळ होते. सांबऱ्याच्या उंचीवर प्रमाणभूत तापमान सुमारे १० अंश सेल्सिअस धरले जाते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३६ अंशांवर गेला, की घनतेच्या हिशेबाने तेथील हवा सुमारे १,७०० मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ झालेली असते. अशा हवेत साध्या श्वसनाच्या, म्हणजे टर्बोचार्जर नसलेल्या, एंजिनाची सुमारे सहाव्या हिश्शाहून थोडी अधिक शक्ती नाहीशी होते; १०० अश्वशक्तीचे एंजिन त्या वेळी ८२च्या आसपास अश्वशक्ती देते. धावपट्टी सुमारे २,३०० मीटर लांब असल्याने लहान विमान तीवरून निर्धास्तपणे उठते; परंतु जमीन सुटल्यानंतर ते किती झपाट्याने वर चढेल, हा खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

शक्ती आणि आरोहण : विमान वर चढते ते सपाट उड्डाणासाठी लागणारी शक्ती भागवून जी शिल्लक उरते तिच्या बळावर. हिशेबापुरते ७२५ किलोग्रॅम वजनाचे एक दोन आसनी विमान घेतले, प्रॉपेलर एंजिनाच्या शक्तीपैकी ७० टक्के शक्ती उपयोगात आणतो असे मानले, आणि आरोहणाच्या वेगाने केवळ तरंगत राहण्यास समुद्रसपाटीवर ४० अश्वशक्ती लागते असे धरले, तर १०० अश्वशक्तीच्या एंजिनापासून तेथे ३० अश्वशक्तीची शिल्लक उरते व विमान सेकंदाला सुमारे ३ मीटर चढते. तेच विमान उन्हाळ्यातील दुपारी सांबऱ्यावरून निघाले, की उपयुक्त शक्ती ५७वर येते, विरळ हवेमुळे गरज ४३वर जाते, शिल्लक अवघी १४ उरते आणि आरोहण सेकंदाला दीड मीटराखाली येते. एंजिनाची शक्ती सहाव्या हिश्शाने घटली असता चढण्याचे सामर्थ्य निम्म्याहून अधिक लोप पावते. त्याच विमानात १५० अश्वशक्तीचे एंजिन बसविले आणि एंजिनाच्या वाढलेल्या भाराइतके सामान कमी केले, तर त्याच दुपारी शिल्लक ४३वर जाऊन आरोहण साडेचार मीटरांच्या जवळपास, म्हणजे तिपटीने, वाढते.

वेगाच्या बाबतीत मात्र असा लाभ होत नाही. हवेचा रोध जिंकण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने दीडपट शक्तीतून वेग जेमतेम १४ टक्क्यांनी वाढतो. शिवाय पंखांची व सांगाड्याची मजबुती पूर्वीइतकीच राहत असल्यामुळे वेगमापकावरील तांबडी रेघ, जी कदापि ओलांडावयाची नसते, आहे तेथेच राहते. तेव्हा शक्तिवर्धनाचे सार्थक राखीव सामर्थ्यात आहे, आणि वेगाच्या हव्यासाने ते हाती घेणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते.

तोल व अन्य फेरफार : अधिक शक्तीचे एंजिन बहुधा जडही असते, कॉन्टिनेन्टल ओ-२०० या १०० अश्वशक्तीच्या एंजिनाऐवजी १५० अश्वशक्तीचे ओ-३२० बसविल्यास नाकावरील भार सुमारे ३० ते ४० किलोग्रॅमांनी वाढतो. हा भार गुरुत्वमध्यापुढे दीड मीटर अंतरावर पडला, तर ७६० किलोग्रॅमांच्या विमानाचा गुरुत्वमध्य सुमारे ७ सेंटिमीटर पुढे सरकतो. आणि अशा विमानात गुरुत्वमध्यास मुभा असते ती एकंदर १५ सेंटिमीटरांच्या आतबाहेर. त्यामुळे सुमारे ११ किलोग्रॅमांची बॅटरी एंजिनामागील अग्निरोधक पडद्याजवळून उचलून शेपटाकडे तीनेक मीटर मागे नेण्याची तजवीज कारागीर करतात, व तेवढ्याने ४ सेंटिमीटरांहून अधिक तोल परत मिळतो. मात्र तेथवर नेलेल्या जाड विद्युत्‌वाहिनीचा भारही हिशेबात धरावा लागतो.

याखेरीज आधारचौकट नव्याने बसवावी लागते; काउलिंगच्या, म्हणजे एंजिनावरील आवरणाच्या, आत सिलिंडरांभोवती हवा नेमकी वळविणारे पत्रे जुळवावे लागतात, कारण संथ व उभ्या आरोहणात शीतनाची सर्वांत कठोर परीक्षा होते; आणि प्रॉपेलरचा व्यास व कोन एंजिनाच्या फेऱ्यांशी मिळवावा लागतो. प्रॉपेलरचे माहात्म्य सेस्ना १७२ या विमानाच्या दोन प्रकारांवरून ध्यानी येते : त्याच्या ‘आर’ प्रकारातील एंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या मर्यादेत १६० अश्वशक्ती देते, तर ‘एस’ प्रकारात त्याच जातीचे एंजिन निराळ्या प्रॉपेलरसह २,७०० फेऱ्यांपर्यंत फिरू देऊन १८० अश्वशक्ती मिळविली जाते. इंधनाचा खर्चही वाढतो. ताशी सुमारे २२ लिटरांवर भागणारे विमान ३२ लिटर पिऊ लागले, तर ८५ लिटरांच्या टाक्यांत पावणेचार तासांऐवजी अडीच तासांच्या थोडे वरच उड्डाण होते. विमानाचे कमाल अनुज्ञेय वजन न वाढल्यास सामान व उतारू यांच्या वाट्यास कपात येते. पूर्ण शक्तीवर नाक डावीकडे वळू पाहते, म्हणून वैमानिकास उजव्या पायाचा दाब वाढविण्याची नवी सवय लावून घ्यावी लागते.

इतिहास : भारतातील या विद्येचा इतिहास कर्नाटकाशी व मराठी माणसांशी निगडित आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना केली. आणि संकेश्वरच्या शेजारी असलेल्या गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू गावी १९०८ साली जन्मलेले, ग्यॉटिंगेन येथे लुटविख प्रांट्ल यांच्यापाशी वायुगतिकीचे अध्ययन केलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी त्या कंपनीत एचटी-२ या शिक्षणविमानाचा आराखडा सिद्ध केला. ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडालेल्या त्याच्या पहिल्या नमुन्यात १४५ अश्वशक्तीचे जिप्सी मेजर एंजिन होते. १९५२ च्या फेब्रुवारीत उडालेल्या दुसऱ्या नमुन्यात १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर बसविण्यात आले व तेच पुढे निर्मितीसाठी कायम झाले. कालांतराने त्या विमानावर १६० अश्वशक्तीच्या लायकमिंगचाही प्रयोग झाला.

सप्टेंबर १९५८ मध्ये उडालेल्या ९० अश्वशक्तीच्या ‘पुष्पक’ या दोन आसनी विमानावरून पुढल्याच वर्षी ‘कृषक’ हे थोरले विमान तयार झाले. त्याच्या नमुन्यात १९० आणि सैन्यासाठी बांधलेल्या विमानांत २२५ अश्वशक्तीचे एंजिन होते. एचपीटी-३२ या २६० अश्वशक्तीच्या शिक्षणविमानात ४२० अश्वशक्तीचे टर्बाइन बसवून एचटीटी-३४ हा नमुना १७ जून १९८४ रोजी उडविण्यात आला. टर्बाइन मूळ एंजिनाहून बरेच हलके असल्याने तेथे प्रश्न उलटा झाला व तोल राखण्यासाठी विमानाचे नाक लांबवावे लागले. हे विमान निर्मितीपर्यंत मात्र पोहोचले नाही. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘हंस-३’ विमानात ११५ अश्वशक्तीचे टर्बोचार्जरयुक्त रोटॅक्स ९१४ योजले आहे. असे एंजिन विरळ हवेतही ठरावीक उंचीपर्यंत आपली शक्ती टिकवीत असल्याने पठारी मुलुखास ते विशेष अनुकूल होय.

कायदा व मंजुरी : नोंदलेल्या विमानात मालकाने आपल्या मर्जीने एंजिन बदलणे कायद्यास मंजूर नाही. विमान नियम, १९३७ अन्वये नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हे या कामी अधिकारी खाते होय. विमानाच्या मूळ प्रकार-प्रमाणपत्रात एवढा मोठा बदल करावयाचा झाल्यास पूरक प्रकार-प्रमाणपत्र लागते. परदेशी अधिकाऱ्यांनी दिलेले असे प्रमाणपत्र असल्यास त्यास येथे स्वीकृती मिळवावी लागते. प्रत्यक्ष काम परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली होते; ते पुरे झाल्यावर विमान पुन्हा तोलले जाते, वजन व गुरुत्वमध्य यांचा नवा तक्ता बनतो, उड्डाणपुस्तिकेस पुरवणी जोडली जाते, विमान, एंजिन व प्रॉपेलर यांच्या नोंदवह्यांत दाखले घातले जातात, आणि परीक्षण-उड्डाणानंतरच ते वापरास मोकळे होते. या दस्तऐवजांत कसूर राहिल्यास विम्याचा दावाही धोक्यात येतो. हे सोपस्कार कित्येकांस जाचक वाटतात. तथापि वर सांगितलेला सात सेंटिमीटरांचा फरक डोळ्यांस दिसत नाही, तो तोलकाट्यावर व कागदावरच उघड होतो, हे ध्यानी घेतले असता त्यांची आवश्यकता पटते.

सद्यःस्थिती : भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाने २०२१ मध्ये वैमानिक-शिक्षणसंस्थांसाठी ज्या पाच विमानतळांची निवड केली त्यांत बेळगावचा समावेश असून तेथे दोन संस्थांना जागा देण्यात आली; त्यामुळे लहान एंजिनांची शिक्षणविमाने या उष्ण, विरळ हवेत नित्य उडू लागली. बेळगाव-संकेश्वर मार्गावरील हत्तरगी येथे मोठ्या विमानांचे सुटे भाग घडविणारे विशेष आर्थिक क्षेत्र उभे आहे, आणि तेथील यंत्रकामाची सूक्ष्मता जागतिक मागणीस उतरली आहे. उड्डाणाची गरज, यंत्रकारांचे कसब आणि डॉ. घाटगे यांचा वारसा ही तिन्ही ज्या प्रदेशात काही कोसांच्या अंतरात एकत्र आली आहेत, त्या प्रदेशात लहान विमानांच्या एंजिनबदलाची मान्यताप्राप्त कार्यशाळा नांदणे सर्वथा उचित होय. कारण ज्या हवेत विमान उडावयाचे त्या हवेची पारख असलेल्या हातांनीच त्याची शक्ती ठरविली जावी, हे या विद्येचे मूलतत्त्व आहे.