वाख

कंधारचा इतिहास लिहायला निघालेला माणूस किल्ल्याच्या खंदकात तरी अडकतो, नाहीतर जगत्तुंगसमुद्रात. मीही अडकलो. किल्ल्याचे मूळ बांधकाम राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचे मानतात, आणि तळ्याचे नाव तर इथल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखातच आहे. ऐन उमेदीची वर्षे मी या वाचनात घालवली. तळे कोणी बांधले याची नोंद दगडावर सापडते. पाण्यात उभे राहून कोणी काय काम केले, याची सापडत नाही. हे टिपण त्या कामाविषयी, म्हणजे अंबाडीचा वाख काढण्याविषयी आहे.

आमच्याकडे ज्वारीच्या रानात अंबाडीच्या ओळी असत. कोवळा पाला भाजीला, वाढलेले झाड दोरासाठी. कापलेल्या पेंढ्या मन्याडला मिळणाऱ्या ओढ्याच्या डोहात बुडवून वर दगड ठेवीत. चार-पाच दिवसांत पाण्याला बुडबुडे येत आणि वास मांगवाड्यापासून वेशीपर्यंत पोचे. तिथले एक म्हातारे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रोज एक काडी उपसून बोटाने साल सोलून बघत. "दिवस मोजू नको, काडीला विचार," असे ते मला म्हणाले होते. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. मला ते गमतीचे वाटले.

काडीला विचारण्यात काय दडले होते, ते फार उशिरा वाचनातून उलगडले. सालीतले धागे जुडग्याजुडग्यांनी असतात. धागा मुख्यतः सेल्युलोजचा. जुडग्यांना एकमेकांशी आणि भोवतालच्या पेशींशी चिकटवणारा पदार्थ पेक्टिन. फ्रान्समध्ये ब्राकोनो याने १८२५ साली पेक्टिनचे वर्णन केले, पायां याने १८३८ मध्ये सेल्युलोज वेगळे ओळखले. पण पाण्यात पेक्टिन विरघळवते कोण? १८९५ मध्ये विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने आपला सहकारी फ्राइब्स याचे काम प्रसिद्ध केले: जवसाचे ताग कुजवणारा, हवेवाचून जगणारा जिवाणू त्याने वेगळा काढला होता. तो पेक्टिन खातो, सेल्युलोजला हात लावत नाही. हे जिवाणू पाण्यात विकरे, म्हणजे एन्झाइम, सोडतात. ती पेक्टिनची साखळी तोडतात आणि धागे मोकळे होतात.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा. लवकर काढले तर साल काडीला चिकटून राहते. उशीर झाला तर सेल्युलोज खाणारे दुसरे जीव कामाला लागतात आणि वाख हातात तुटतो. थंडीत पाणी गार असले की दिवस वाढतात, उन्हात कमी होतात. म्हणून दिवस मोजून भागत नाही.

हे मी अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत करून पाहिले. बारा दिवसांनी काडी सोलली; साल अर्धवट सुटली. नंतर एका लग्नाला गेलो आणि पाच दिवसांनी परतलो. जे हाती आले त्याची शेळीसाठी दावणही वळता आली नसती. शेजाऱ्यांनी वासाबद्दल जे ऐकवले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

सेल्युलोज खाणाऱ्यांचीही एक कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी फौजेचे तंबू आणि कपडे कुजत होते. सॉलोमन बेटांवर मिळालेल्या एका बुरशीवर एल्विन रीस आणि मेरी मॅन्डेल्स यांनी पुढे वर्षानुवर्षे काम केले; १९७७ मध्ये तिला रीसचे नाव मिळाले, ट्रायकोडर्मा रीसी. तिचीच विकरे आज पिकांच्या काडापासून इंधन बनवण्याच्या खटाटोपात वापरतात. आबांच्या डोहात असली मंडळी शत्रूच.

बराकपूरच्या केंद्रीय ताग संशोधन संस्थेने 'क्रायजाफ सोना' नावाची जिवाणूंची पूड काढली. त्यातल्या बॅसिलस प्युमिलसच्या तीन वाणांत पेक्टिन तोडायची ताकद आहे आणि सेल्युलोज तोडायची नाही. निवड याच निकषावर झाली. ते वाचताना मला आबांचे बोट आठवले.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) मांगांच्या कामांत दोरखंड येतात. कासरा, नाडा, सौंदर, चऱ्हाट: पोळ्याला बैलांच्या अंगावर जे नवे चढे, त्यामागे हे हात. मोबदल्यात बलुते. पुस्तकांत दोर दिसतो. कुजवण्याचे कसब फारसे कोणी विचारलेले नाही.

हे सगळे मी आबांच्या नातवाला उत्साहाने सांगायला गेलो. तो शिक्षक आहे. त्याने शेवटपर्यंत ऐकले.

"भाऊ, हे शास्त्र होतं हे बरोबर," तो म्हणाला. "पण नायलॉन आलं तेव्हा आमच्या घरात कुणी रडलं नाही. आबांच्या पायाची कातडी पांढरी होऊन सोलायची. अंगाचा वास म्हणून शाळेत माझ्या बापाला वेगळं बसवायचे. ते पण घाला."

मी त्या शाळेत होतो. त्याचा बाप माझ्याच वर्गात, दाराजवळ बसायचा. एवढ्या वर्षांच्या टिपणवह्यांत ही नोंद माझ्याकडूनही झालेली नव्हती.