सारायेव्हो : नगररचना व पायी नगरदर्शन

सारायेव्हो ही बाल्कन द्वीपकल्पातील बॉस्निया व हर्झेगोव्हिना या देशाची राजधानी असून ती दिनारिक आल्प्सच्या डोंगरांनी वेढलेल्या, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवरील अरुंद खोऱ्यात मिल्यात्स्का नदीच्या दोन्ही काठांवर वसलेली आहे. २०१३ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २,७५,००० होती. उत्तरेला व दक्षिणेला डोंगर असल्यामुळे शहर नदीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे लांबत गेले. परिणामी पूर्वेला उस्मानी काळातील बाजारपेठ, तिला लागून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमदानीतील रस्ते आणि त्यापलीकडे युगोस्लाव्हियाच्या काळातील उंच निवासी इमारती, असा त्याच्या इतिहासाचा क्रम जमिनीवरच मांडलेला दिसतो. जुना भाग आटोपशीर असल्याने सावकाश पायी फिरणाऱ्या प्रवाशाला हा क्रम एका दिवसात पाहता येतो.

शहराची पायाभरणी १४६० च्या दशकाच्या आरंभी उस्मानी सुभेदार ईसा-बेग इशाकोविच याने केली. सोळाव्या शतकात सुभेदार गाझी हुस्रेव-बेग (मृत्यू १५४१) याच्या काळात शहराला वैभव लाभले. १६९७ मध्ये सॅव्हॉयचा राजपुत्र यूजीन याच्या सैन्याने शहर जाळले, तेव्हा लाकडी घरे भस्मसात झाली. आजच्या जुन्या शहरातील सर्वांत प्राचीन वास्तू प्रामुख्याने दगडी आहेत, त्याचे हेही एक कारण होय. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बॉस्नियाचा ताबा घेतला आणि १८७९ च्या मोठ्या आगीनंतर मोकळ्या झालेल्या भागात नव्या शासकांनी मध्य युरोपीय धर्तीची बांधकामे केली. त्यामुळे बाजारपेठेतील बुटकी कौलारू दुकाने संपतात तिथेच, अवघ्या काही पावलांच्या अंतरावर, नक्षीदार दर्शनी भिंतींच्या बहुमजली इमारती सुरू होतात.

नगरदर्शनाचा आरंभ बहुधा बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेतून होतो. तिच्या मुख्य चौकात सेबिल, म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली घुमटाची लाकडी पाणपोई आहे. येथील मूळ पाणपोई १७५३ ची, तर आजची वास्तू १९१३ मधील आहे. बाजारातील गल्ल्या पूर्वीपासून एकेका व्यवसायाच्या नावाने ओळखल्या जातात आणि काझांजिलुक या तांबट आळीत आजही तांब्याची तबके व भांडी ठोकून घडवली जातात. जवळच मोरिचा हान ही जुनी सराई असून, तिच्या अंगणात व्यापाऱ्यांची जनावरे आणि वरच्या मजल्यावर स्वतः व्यापारी मुक्काम करीत.

बाजारपेठेचा केंद्रबिंदू म्हणजे १५३१ मध्ये पूर्ण झालेली गाझी हुस्रेव-बेग मशीद होय. तिच्याभोवतीचा मदरसा, ग्रंथालय, गोरगरिबांसाठीचे अन्नछत्र आणि बेझिस्तान (छत असलेला लांबट बाजार) या साऱ्यांचा खर्च हुस्रेव-बेगने स्थापन केलेल्या वक्फमधून, म्हणजे धर्मादाय न्यासातून, चालत असे. दुकानांचे भाडे न्यासाला आणि न्यासाचा पैसा लोकोपयोगी कामांना, अशी ही व्यवस्था होती. मशिदीशेजारच्या घड्याळ-मनोऱ्याकडे लक्ष देऊन पाहणाऱ्यास त्यातील वेळ हातातील घड्याळाशी जुळत नाही असे आढळते, कारण सूर्यास्ताच्या क्षणी त्याचे काटे बारावर असावेत अशी त्याची योजना आहे. आपल्या पंचांगात वार सूर्योदयापासून मोजला जातो, तसा येथे दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो; आणि सूर्यास्ताची वेळ रोज थोडी सरकत असल्याने घड्याळाची देखभाल करणाऱ्या मुवेक्कितला, म्हणजे कालगणनेच्या सेवकाला, काटे वरचेवर दुरुस्त करावे लागतात.

दुपारच्या विश्रांतीत बॉस्नियन कॉफीला मानाचे स्थान आहे. बारीक दळलेली कॉफी जेझवा या लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात तयार करून, बिनकानाची छोटी वाटी, साखरेचे खडे आणि रहात-लोकुम हा मऊ गोड पदार्थ यांच्यासह तबकात मांडून देतात. ती हळूहळू ओतून घेत गप्पा मारत प्यायची असल्याने एका कॉफीत तासभर सहज जातो. जेवणासाठी सोमुन या मऊ रोटीत घातलेले चेवापी, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले खिम्याचे लांबट गोळे, आणि कच्चा कांदा प्रसिद्ध आहेत.

बाजारपेठेच्या पश्चिमेस फेर्हादिया हा पादचाऱ्यांचा रस्ता लागतो. याच्या आसपास काही शे मीटरांच्या टापूत मशिदी, जुने ऑर्थोडॉक्स चर्च, १८८९ मध्ये पूर्ण झालेले कॅथलिक कॅथीड्रल आणि स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या सेफार्डी ज्यू समाजाचे जुने सिनेगॉग (सध्या ज्यू संग्रहालय) आहे. या सहजीवनाची सर्वांत मौल्यवान खूण ‘सारायेव्हो हग्गादा’ ही होय. चौदाव्या शतकात स्पेनमध्ये तयार झालेली ही सचित्र हस्तलिखित पोथी ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या विधींची आहे. ती शहराच्या पश्चिम भागातील राष्ट्रीय संग्रहालयात असून तेथे ट्रामने जाता येते. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या हाती पडू नये म्हणून संग्रहालयातील मुस्लिम अधिकारी देर्विश कोर्कुट यांनी ती लपवून वाचवली.

परतीच्या वाटेवर नदीवरील लॅटिन पूल लागतो. २८ जून १९१४ रोजी याच्या टोकाशी गाव्रिलो प्रिंत्सिप याने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रांझ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांची हत्या केली. त्यातून उद्भवलेल्या संकटाची परिणती पहिल्या महायुद्धात झाली. पुलापासून नदीकाठाने पूर्वेस गेल्यावर व्हियेच्निका, म्हणजे १८९६ मध्ये बांधलेले नगरभवन, दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर येथे राष्ट्रीय व विद्यापीठीय ग्रंथालय होते. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १,४२५ दिवस, सर्ब फौजांनी शहराला वेढा घातला आणि त्यात सुमारे ११,५०० लोक मारले गेले. त्याच वेढ्यात ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांनी ही वास्तू पेटली व लक्षावधी ग्रंथ जळाले. काचेचे छत, कमानी व रंगीत नक्षी यांसह ती पूर्ववत करून २०१४ मध्ये पुन्हा उघडण्यात आली. जळालेले दुर्मिळ ग्रंथ मात्र कायमचे गेले. तोफगोळ्यांनी रस्त्यांवर पडलेले काही खड्डे लाल राळेने भरून जपले आहेत. त्यांना ‘सारायेव्होचे गुलाब’ म्हणतात.

सायंकाळी झुता ताबिया (पिवळा बुरूज) येथून अथवा रज्जुमार्गाने ट्रेबेविच डोंगरावर जाऊन संपूर्ण खोरे पाहता येते. १९५९ मध्ये सुरू झालेला हा रज्जुमार्ग वेढ्याच्या काळातील युद्धात उद्ध्वस्त झाल्यानंतर २०१८ मध्ये पुन्हा चालू झाला. १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी येथे बांधलेली बॉबस्लेची, म्हणजे बर्फावरून वेगाने घसरणाऱ्या गाडीची, काँक्रीटची मार्गिका अजून उभी आहे. याच उतारांवरून वेढ्याच्या काळात शहरावर मारा होत असे.

हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात अडकून धूर साचतो, त्यामुळे वसंतापासून शरदापर्यंतचा काळ पायी फिरण्यास अधिक अनुकूल ठरतो. सारायेव्होचे महत्त्व एखाद्या एकाच भव्य स्मारकात नाही. निरनिराळ्या काळांतील व धर्मांतील वास्तू एकमेकींना पुसून न टाकता शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या आणि पडल्यावर नागरिकांनी त्या पुन्हा उभारल्या, यात ते आहे, आणि हे शेजार घाईच्या वाहनफेरीत सुटून जातात म्हणून हे शहर पायीच पाहावे.